पश्चिमेच्या सहा काचा

ते डायलिसिस केंद्र आता दुसऱ्या इमारतीत गेलंय. क्रांती चौकाजवळच्या जुन्या जागेत तयार कपड्यांचं दुकान आलंय आणि त्या काचांआड आता शर्ट घातलेले पुतळे उभे असतात. त्यामुळे हे लिहायला कुणाची हरकत असू नये. असली तरी मी लिहिणार आहे. ही गोष्ट पोटात ठेवून माझं रक्त आटत चाललंय, आणि माझं रक्त मुळातच आठवड्यातून दोनदा मशीनमधून गाळून घ्यावं लागतं.

मी बद्रीनाथ गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळांतून बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं. निवृत्त झालो आणि दोन वर्षांत दोन्ही मूत्रपिंडांनी हात टेकले. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी एक ते पाच, हाताला दोन जाड सुया आणि शेजारी घरघरणारं मशीन, असा माझा क्रम सुरू झाला. तेव्हा शहराचं नाव अजून बदललेलं नव्हतं. एका ट्रस्टचं हे केंद्र तिसऱ्या मजल्यावर होतं. तपासणी मोफत, औषधं निम्म्या दरात, परिचारिका मायाळू. सगळं चांगलं होतं, फक्त इमारत बांधणाऱ्यानं रस्त्याकडची, म्हणजे पश्चिमेची, अख्खी भिंत काचेची केली होती. सहा मोठ्या काचा. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा बेचाळीसवर जातो, हे त्या शहाण्याला कुणी सांगितलं नसावं.

दोन वाजले की ऊन आत यायचं. तीनला ते पहिल्या रांगेच्या पायांवर असायचं, चारला छातीवर, साडेचारला तोंडावर. आम्ही हलू शकत नव्हतो. हात हलला तर सुई निसटते आणि मशीन बोंबलतं. दोन एसी होते, ते दिवसभर धापा टाकायचे आणि त्यांचा गारवा दाराशी बसलेल्या नातेवाइकांना मिळायचा. पूर्वी पडदे होते म्हणे, पण एका तपासणीत धुळीचं कारण सांगून ते काढायला लावले होते. त्यात आम्हा लोकांना दिवसाला जेमतेम अर्धा लिटर पाणी प्यायची मुभा. उन्हानं घसा कोरडा पडतो, माणूस चोरून पाणी पितो, ते अंगात साठतं, पुढच्या वेळी मशीनला जास्त ओढून काढावं लागतं आणि रक्तदाब धाडकन खाली येतो. हे मी नववीच्या मुलांना समजावतो तसं व्यवस्थापक रामकिसन यांना समजावलं होतं. त्यांनी मान हलवून माझं वजन नोंदवून घेतलं.

माझी खाट पाचवी, पाचव्या काचेपाशी. सहावी, अगदी काचेला लागून, मंजुळाबाईंची. फर्दापूरच्या पुढच्या एका वस्तीवरून त्या एसटीनं यायच्या. सकाळी आठला निघायचं, दुपारी बाराला पोचायचं, पाचला सुया काढल्या की पुन्हा एसटी. दुसऱ्या वेळेची पाळी त्यांना जमण्यासारखी नव्हती. घराणं मेंढपाळाचं, जन्म अजिंठ्याच्या डोंगरउतारावर मेंढरांमागं गेलेला. त्यांना सोडायला आणि न्यायला बसस्टँडवरून इथं एक माणूस यायचा. चाळिशीचा, काटकुळा, बोटांची टोकं पाण्यात भिजल्यासारखी सुरकुतलेली. तो त्यांचा धाकटा भाऊ सोनाजी. खिडक्यांच्या काचांवर फिल्म चिकटवणारा.

सोनाजीनं मला पहिल्याच दिवशी चिडवलं. मी त्याला म्हणालो, तुझा धंदाच हा, मग बहिणीच्या काचेला एक काळी फिल्म मारून टाक की. तो काचेजवळ गेला, हाताची मागची बाजू काचेला लावली, मग काचेपासून वीतभर अलीकडे धरली, मग छताकडे बघितलं. म्हणाला, "काळी लावली तर काच सोताच तापती, गुरुजी. मग ती रातीच्या तव्यावानी आत गरमी टाकत ऱ्हाती. आन् शिस्टरला अंधारात शीर घावायची कशी?" पुढे दोन्ही हात खिशात घालून उभा राहिला. विज्ञानाच्या शिक्षकाला विज्ञान सांगून मोकळा झाला होता, आणि बरोबर सांगितलं होतं. मला फार राग आला.

हळूहळू त्याची सगळी कहाणी कळली, कारण दुपारच्या चार तासांत करायला दुसरं काहीच नसतं. शाळा सातवीपर्यंत. मग शहरात येऊन गाड्या सजवणाऱ्या एका दुकानात लागला. तेव्हा पुढाऱ्यापासून प्लॉटिंगवाल्यापर्यंत प्रत्येकाला गाडीच्या काचा डांबरासारख्या काळ्या हव्या होत्या, आणि सुरकुती न पडू देता मागची वळलेली काच एका तुकड्यात झाकणारा शहरात सोनाजीच होता. मग दोन हजार बारा साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, गाड्यांवर काळी फिल्म नको. ज्या हातांनी लावली त्याच हातांनी त्यानं वर्षभर क्रांती चौकात भर रस्त्यावर, पोलिसांच्या शेजारी उभं राहून ती खरवडली. दुकान बसलं. तेव्हा हा गडी घरांकडे आणि इमारतींकडे वळला. कुठल्याशा कंपनीच्या आठ दिवसांच्या शिकवणीला हैदराबादला जाऊन आला आणि तिथं त्याला ती फिल्म भेटली. पारदर्शक. उजेड येऊ देते, ऊन अडवते. लावली की दिसतच नाही.

ही फिल्म त्याच्या बरबादीला कारण झाली असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्या गावात जे दिसत नाही त्याला कोण पैसे देणार? औरंगपुऱ्यातली गिऱ्हाइकं त्याला म्हणायची, काळी लाव, नाहीतर आरशासारखी चमकणारी लाव. हा त्यांना पुठ्ठ्याच्या खोक्यात दिवा लावून, समोर दोन काचा धरून, हात लावून बघायला सांगायचा. ते हात लावायचे, हो म्हणायचे आणि शेजारच्याकडून काळी लावून घ्यायचे. वर हा स्वतःच लोकांना परत पाठवायचा. एका वकिलाच्या घरी गेला, तर तिथं कूलर चालू. कूलरला खिडकी उघडी लागते, मग काचेला फिल्म लावून उपयोग काय, असं त्याला तोंडावर सांगून आला. दुसऱ्याला म्हणाला, तुमची खिडकी उत्तरेला, तिथं ऊन येतंच कुठं. असा धंदा करतात का कुठं? मी त्याला हे शंभर वेळा विचारलं. तो म्हणायचा, "मंग खोटं कामून सांगू?"

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मंजुळाबाईंचा रक्तदाब दोनदा कोसळला. दुसऱ्यांदा डोळे पांढरे झाले. परिचारिकेनं खाट डोक्याकडून खाली कलती करून, सलाइन सोडून त्यांना परत आणलं. शुद्धीवर आल्यावर त्या भावाला शांतपणे म्हणाल्या, "सोन्या, मी आता येत नाय. जलम उन्हात गेला, उन्हाचं मला भ्या नाय. पर उन्हात हिंडणं येगळं आन् उन्हात बांधून ठिवणं येगळं. मेंढराला बी कुणी असं बांधत नाय."

आणि पुढच्या शुक्रवारी त्या खरोखरच आल्या नाहीत. सहावी खाट रिकामी राहिली. सोनाजी तरीही आला, खाटेशी उभा राहिला आणि निघून गेला. शनिवारी वस्तीवर जाऊन त्यानं विनवण्या केल्या तेव्हा मंगळवारी त्या आल्या. पाय भोपळ्यासारखे सुजलेले आणि तीन जिने चढेपर्यंत तोंडाचा आ वासलेला. डॉक्टरांनी सोनाजीला बाजूला घेऊन सांगितलं की अशा दोन-तीन खेपा चुकल्या तर पाणी फुप्फुसात भरेल, आणि मग इथं यायची गरजच उरणार नाही. त्या दिवसापासून सोनाजीपुढं एकच काम होतं. आक्कानं यायचं थांबवू नये.

तो रामकिसन यांच्याकडे गेला. आक्काच्या काचेला मी माझ्या खर्चानं चांगली फिल्म लावतो, म्हणाला. रामकिसन वाईट माणूस नाहीत, फक्त नियमाबाहेर श्वाससुद्धा घेत नाहीत. त्यांनी सांगितलं की एकाच काचेला लावली तर बाकीचे पेशंट भांडतील, सहाही काचांना लावायची तर ठराव हवा, आणि ठराव करायचा तर दाता हवा. ट्रस्टची तशी रीतच होती. खर्चाची प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी नावानं.

ही रीत ज्याला माहीत नाही त्यानं आमच्या त्या हॉलमध्ये एकदा झोपून बघायला हवं होतं. खाटेच्या पायथ्याशी नाव, गादीच्या शिवणीजवळ नाव, पाण्याच्या फिल्टरवर दोन नावं, घड्याळाच्या आत काट्यांमागं नाव. पंख्याच्या तिन्ही पात्यांवर एकाच कुटुंबातली तीन नावं होती. पंखा फिरला की ती दिसत नाहीत, म्हणून त्यांचा मुलगा पंखा बंद करायला लावून फोटो काढून गेला होता, ऐन मे महिन्यात. मी उताणा पडून ही नावं इतक्या वेळा वाचलीत की मला ती सगळी मंडळी नातेवाईक वाटायची.

आता न दिसणाऱ्या फिल्मवर नाव कुठं घालणार? तीन दाते येऊन बघून गेले. एकानं त्याऐवजी पाण्याचा कूलर दिला, त्यावर मोठी पाटी बसते म्हणून. ज्यांना पाणी प्यायची बंदी त्यांच्या हॉलमध्ये पाण्याचा कूलर! मी त्या दिवशी इतका ओरडलो की माझंच मशीन वाजायला लागलं.

शेवटी नानासाहेब आले. बायपासला त्यांची जमीन होती, तिचे प्लॉट पडले आणि शेतकऱ्याचे नानासाहेब झाले. मी त्यांना नावं ठेवायला तयारच बसलो होतो, पण ते खाटेशी स्टूल ओढून बसले आणि सांगायला लागले. त्यांची आई द्वारकाबाई याच आजारानं गेली होती. तेव्हा जवळपास मशीन नव्हतं, मुंबईला न्यायची ऐपत नव्हती. मग म्हणाले, "गुरुजी, आईचा एक फोटोसुद्धा नाही माझ्याकडं. तिचं नाव तरी कुठंतरी दिसलं पाहिजे का नाही?" माझी नावं ठेवायची तयारी तिथंच राहिली.

फिल्मला ते तयार झाले. सोनाजीनं एका रविवारी केंद्र बंद असताना सहाही काचा साबणाच्या पाण्यानं तीनतीनदा धुतल्या, कणभर धूळ राहू दिली नाही आणि संध्याकाळपर्यंत फिल्म लावून टाकली. मंगळवारी ऊन आत आलं, पण त्याची नांगी काढलेली होती. हातावर पडलं तरी चटका बसत नव्हता. एसी मध्येच आपोआप थांबत होता, हे आम्ही पहिल्यांदाच ऐकलं. मंजुळाबाई साडेचारला झोपल्या होत्या. मी सोनाजीला विचारलं की लावलीय हे ओळखायचं कसं. त्यानं मला काचेच्या कडेला नख फिरवायला सांगितलं. चौकटीपासून गव्हाच्या दाण्याएवढी फट सोडलेली होती आणि तिथं नखाला बारीकशी पायरी लागत होती. एवढीच तिची खूण.

नानासाहेब बुधवारी सकाळी अकराला बघायला आले. अकराला त्या भिंतीवर ऊन नसतंच. त्यांनी काचेकडे बघितलं, रामकिसनकडे बघितलं आणि विचारलं, "काय लावलंय?" मग नाव घालायचं ठरलं. सहाही काचांवर मिळून, फूटभर उंचीची गडद मरून रंगाची अक्षरं, रस्त्यावरून वाचता येतील अशी: कै. द्वारकाबाई यांच्या स्मरणार्थ.

सोनाजी हादरला. शुक्रवारी आल्यावर माझ्या खाटेशी उभा राहून रामकिसनना सांगू लागला की गडद अक्षराखालची काच तापेल, शेजारची गार राहील, काच जुनी आहे, कडा नीट घासलेल्या नाहीत, फुटेल. मीही पडल्या पडल्या सांगितलं की काचेचा एक भाग जास्त प्रसरण पावला आणि शेजारचा नाही, तर ती तडकणारच, हे सातवीच्या पुस्तकात आहे. रामकिसन म्हणाले, अक्षरं नको तर फिल्मचा ठराव रद्द करावा लागेल, मग लावलेली काढा. सोनाजीनं आक्काकडे बघितलं. त्या झोपेत होत्या. त्या रविवारी त्यानं स्वतःच्या हातानं अक्षरं चिकटवली.

पाच आठवडे गेले. मंजुळाबाईंची एकही खेप चुकली नाही. पायांची सूज उतरली, त्या परिचारिकेशी थट्टा करायला लागल्या. मला वाटलं, चला, निसर्गाचे नियम या ट्रस्टला लागू नाहीत बहुधा. आणि मेच्या मधल्या एका मंगळवारी, पावणेचारला, टक् असा आवाज झाला. सहाव्या काचेच्या खालच्या कोपऱ्यातून एक रेघ निघाली आणि शेवटच्या अक्षराला कापत वर गेली. काच पडली नाही, फिल्मनंच ती धरून ठेवली. पण मंजुळाबाईंच्या डोक्यापासून ती हातभर अंतरावर होती. त्या किंचाळल्या. परिचारिकांनी मशीन बंद करून सगळ्यांच्या खाटा मागं ओढल्या.

अक्षरांमुळे काच फुटली असं एकही माणूस म्हणाला नाही. फिल्मनं फोडली, असं ठरलं. मी दोन पानी पत्र लिहिलं, आकृती काढून दिली. रामकिसननी ते फाइलला लावलं. नानासाहेब आईच्या नावाची ओळ चिरलेली बघून इतके हलले की त्यांच्यापुढं कुणाचं काही बोलायचं धाडस झालं नाही. औरंगपुऱ्यात आठ दिवसांत बातमी झाली की सोनाजीच्या फिल्मनं दवाखान्याची काच फुटली, पेशंट वाचला. एका बंगल्याचं ठरलेलं काम गेलं. नवं काही येईना. जे दुकानदार त्याच्याकडून काम शिकले, ते गिऱ्हाइकाला सांगायचे की आमची काळी आहे, फुटत नाही.

मंजुळाबाई पुढच्या खेपेला आल्या नाहीत. पुन्हा तेच. सोनाजी शुक्रवारी येऊन मला म्हणाला, "गुरुजी, ती म्हणती काच अंगावर पडून मरण्यापरीस घरी मरंन." मी त्याचं सांत्वन करायला हवं होतं, पण मी त्यालाच झापलं की अक्षरं लावायला हो कशाला म्हणालास. नंतर त्या बोलण्याची मला लाज वाटली.

ट्रस्टचा हुकूम निघाला. फुटलेली काच बदलायची, नवी नानासाहेब देतील. बाकीच्या पाचही काचांवरची फिल्म आणि अक्षरं सोनाजीनंच खरवडून काढायची, रविवारी, रामकिसन यांच्या देखरेखीखाली. नाव आता दाराशेजारी काळ्या दगडात कोरायचं ठरलं. मला वाटलं, संपलं सगळं.

मंगळवारी मी धास्तावूनच गेलो. सहावी काच नवी होती, बाकीच्या पाच अक्षरांवाचून बोडक्या. मंजुळाबाई आल्या होत्या. भावानं त्यांना गळ घातली होती की फक्त एकदा ये, नव्या काचेखाली एकदा झोपून बघ. दोन वाजले, ऊन आलं. तीन वाजले. मी हात उन्हात धरला. चटका बसेना. एसी मध्येच थांबला. मी मोकळा हात लांब करून पाचव्या काचेच्या कडेला नख फिरवलं, आणि नखाला पायरी लागली.

मी सोनाजीकडे बघितलं. तो दारात उभा होता. त्यानं नजर खाली घातली.

संध्याकाळी जिन्यात त्यानं सांगितलं. रविवारी त्यानं फक्त अक्षरं काढली. फिल्म काढायला सहा तास लागतात हे रामकिसनना माहीत होतं, म्हणून तो सहा तास काचांपुढं उभा राहून पातं फिरवत राहिला, नुसत्या साबणाच्या पाण्यावर. घरून जुन्या कामाची सोललेली फिल्म पोत्यात भरून आणली होती, ती जमिनीवर पसरली. दुपारी रामकिसन जेवायला घरी गेले तेवढ्यात नव्या सहाव्या काचेला उरलेला तुकडा लावून टाकला. रामकिसननी परत येऊन जमिनीवरचा ढीग बघितला, काचांकडे बघितलं आणि काम झालं असं रजिस्टरात लिहिलं. फिल्म आहे की नाही, त्यांना दिसणार कसं?

मी हसलो नाही. मला धडकीच भरली. नवी फिल्म वाळेपर्यंत तिच्याखाली पाण्याचे ढगाळ डाग दिसतात, आणि सहावी काच खरोखरच दुधाळ दिसत होती. शुक्रवारी रामकिसन तिच्यापुढं येऊन थांबले, डोकं तिरकं करून बघायला लागले. मंजुळाबाई झोपल्या होत्या. सोनाजी दारात थिजला. मी म्हणालो, "साहेब, नव्या काचेला उन्हाळ्यात घाम येतो. आठ दिवसांत जाईल. सातवीच्या पुस्तकात आहे." बत्तीस वर्षांत विज्ञानाच्या नावावर मी बोललेलं हे पहिलं खोटं. रामकिसननी मान हलवली आणि ते माझं वजन विचारून पुढं गेले. खरं दोन पानं लिहून दिलं तेव्हा फाइलला लागलं, आणि हे एका वाक्यात पटलं. मला चार दिवस जेवण गेलं नाही.

मी सोनाजीच्या मागं लागलो की आता सगळ्यांना सांग. हॉल गार आहे, काचा फुटत नाहीत, याचा अर्थ फिल्म निर्दोष आहे. तुझं नाव धुऊन निघेल. तो म्हणाला, "सांगितलं की काढाया लावतील, गुरुजी. हुकूमच हाय तसा." मग निदान बहिणीला तरी सांग, म्हणालो. त्यावर तो म्हणाला, "आक्काच्या पोटात काय ऱ्हातंय व्हय? शिस्टरला सांगंल, एसटीत सांगंल. आन् तिला बी पुन्ना काचंचं भ्या वाटंल." माझ्याकडून त्यानं शब्द घेतला. त्या काळात तो एका गोदामात पोती मोजायच्या कामावर जात होता.

जूनच्या पहिल्या शुक्रवारी काळ्या दगडाचं अनावरण ठेवलं, मुद्दाम साडेतीनला, पेशंट असताना. रामकिसन यांचं भाषण झालं. ते म्हणाले की मध्यंतरी एका फिल्मवाल्याच्या हयगयीनं दुर्घटना घडता घडता टळली, पण नानासाहेबांनी उत्तम दर्जाची काच दिली आणि तेव्हापासून हॉलचं तापमान चार अंशांनी कमी आहे, विजेचं बिलही उतरलं आहे. एक काच, आणि चार अंश. माझ्या हातात दोन सुया होत्या, तोंडात सोनाजीला दिलेला शब्द होता. मी छताकडे बघत पात्यांवरची नावं वाचत राहिलो. नानासाहेबांना शाल दिली. ते खरोखर गहिवरले होते. दगडावरच्या आईच्या नावावरून त्यांनी हात फिरवला आणि प्रत्येक खाटेपाशी येऊन विचारपूस केली. मंजुळाबाईंना दोन्ही हात जोडता येत नव्हते. त्यांनी मोकळा हात कपाळाला लावला आणि म्हणाल्या, तुमच्या मायच्या पुण्याईनं मी जगले.

सोनाजी हे सगळं दाराशी, चपला काढायच्या जागी उभा राहून बघत होता.

पाच वाजता सुया निघाल्या. पट्टी आवळून तो बहिणीला खाटेवरून उतरवायला लागला. मी शेजारीच होतो, मला सगळं ऐकू येत होतं.

"सोन्या, नानासायेब देवमाणूस हाये बघ," त्या म्हणाल्या. "निस्ती काच बदलली तर कसं गार गार झालं. तुझा त्यो कागद मेला, मपला जीव घेत व्हता. आता कुणाच्या काचंला हात नको लावू रं."

मी तोंड उघडलं. सोनाजीनं माझ्याकडे नुसतं बघितलं. मी मिटलं.

"नाय लावत, आक्का," तो म्हणाला. त्यानं खाली बसून त्यांच्या पायात चपला सरकवल्या. "मंगळवारी येशील ना?"

"येईन की. न यायला काय झालं? आता इथं ऊन कुठंय?"